चार दिसांची रजा

शाळू जोंधळा वाळून कडक झाला होता, कणसांवर पाखरांचे थवे उतरत होते, आणि रंगूबाईला रोजानं एकही बाई मिळत नव्हती.

पिंपळखोरीत सगळ्यांचीच सुगी एकदम आली होती. बाया सकाळी पदर खोचून, डोक्यावर भाकरीची दुरडी घेऊन तिच्या दारावरून जात. रंगूबाई उंबऱ्यात उभी राहून एकेकीला विचारायची.

"शालूबाई, उद्या येतीस का गं?"

शालूबाई थांबली, पण तिनं बघितलं रस्त्याच्या पलीकडं. "उद्याचं ठरलंय माजं."

"मग परवा?"

"परवाचं बी ठरलंय." आणि ती चालायला लागली.

हे भादव्यापासून चाललं होतं. रंगूबाईचा नवरा आकाराम तासगावच्या चौकीत हवालदार होता. गावातला सिद्धू चळवळीत तारा तोडून रानात गेला, भूमिगतांना मिळाला, तेव्हा त्याला धरायला भादव्यात पोलिसांची तुकडी आली. गल्लीबोळ ठाऊक म्हणून साहेबानं आकारामाला पुढं घातलं. सिद्धू काही सापडला नाही. त्याच्या म्हाताऱ्या बापाला, अर्जुनाला, चावडीच्या पायरीवर पालथं पाडून वेताच्या छडीनं मारलं. मारणारे परमुलखातले होते. आकारामानं हात उचलला नाही, पण तो दोन हातांच्या अंतरावर बंदूक टेकवून उभा होता. मारणाऱ्यांची तोंडं गावाला आठवत नव्हती. उभा राहिलेला आठवत होता.

तेव्हापासून विहिरीवर रंगूबाई गेली की बाया आपली घागर भरून बाजूला होत. न्हावी दारात येत नव्हता. मूलबाळ नव्हतं, सासू मागच्या साली गेली होती. बोलायला घरात एक म्हैस होती.

तीन दिवस तिनं एकटीनं शाळू उपटला. शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात. बुडाला दोन्ही हातांनी धरायचं, टाच रोवायची आणि हिसका द्यायचा. तिसऱ्या दिवशी तळव्याचे फोड फुटले, शाळूच्या ताटाला रक्त लागायला लागलं. चार पाथी झाल्या होत्या आणि वावर होतं तसंच दिसत होतं. चौथ्या दिवशी तिनं म्हैस कुंभाराच्या गोठ्यात बांधली, भाकरी बांधून घेतल्या आणि ती तासगावची वाट चालायला लागली.

चौकीच्या मागच्या लिंबाखाली आकाराम पट्ट्याला तेल लावत बसला होता. तिला बघून तो उठला. तिनं दोन्ही तळवे पुढं केले.

त्यानं ते बघितले. "कोनीच न्हाई आलं?"

"न्हाई. सायबाला सांगा."

"काय सांगू? गाव कामाला यीना म्हनून?"

"व्हय. त्येच सांगा."

ते त्याच्यानं सांगवलं नाही. बायको आजारी आहे म्हणून त्यानं रजा मागितली. साहेबानं खिडकीतून रंगूबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आजारी? चार कोस चालत आलेली दिसते," असं म्हणून तो हसला, शेजारचा कारकूनही हसला. मग चार दिवसांची रजा मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं दोघं निघाली. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारी कोळशावर चालत. मागच्या बाजूला माणसाएवढा उंच पत्र्याचा पिंप बसवलेला असे, त्यात कोळसा पेटवायचा आणि त्याच्या धुरावर मोटार ओढायची. चढाला ती म्हाताऱ्या बैलासारखी घोरायची. चांदसाहेब ड्रायव्हर मिरजेचा. त्याचा क्लीनर पलटणीत भरती झाला होता, तेव्हा कोळसा घालायलाही तोच उतरे. मोटार सुरू करायला लागतं तेवढं पेट्रोल एका डब्यात, मागच्या बाकाखाली. मागचं दार तारेनं बांधून टाकलेलं आणि त्याला लावून गोणपाटात शिवलेले गुळाचे रवे, मोठाल्या ढेपा, छतापर्यंत रचलेले.

कवठ्याच्या फाट्यावर लीलाबाई चढली. सिद्धूची बायको. माहेराहून येत होती. विशीतली, पायांत जोडवी, काखेत गाठोडं. मोटारीत नीट बसायला जागा एकच होती, रंगूबाईच्या शेजारची.

रंगूबाई सरकली. "बस की गं हितं."

लीलानं तिच्याकडं बघितलं, पलीकडं बसलेल्या आकारामाच्या डगल्याकडं बघितलं. मग माणसांच्या गुडघ्यांना धडकत ती थेट शेवटच्या बाकावर गेली आणि गुळाच्या रव्यांना टेकून अंग चोरून बसली. मोटारीतल्या चारचौघांनी ते पाहिलं. रंगूबाई खिडकीतून बाहेर बघायला लागली. तिचे कान तापले होते.

चढ अर्धा झाला आणि मोटार दम खाऊन थांबली. चांदसाहेबानं उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि पिंपाचं झाकण उघडून तो लांब सळीनं निखारे ढोसायला लागला. वारा खालून वर येत होता. झाकणातून जिभेसारखा जाळ बाहेर आला, चांदसाहेब भुवया धरून मागं पडला, आणि मागच्या उघड्या खिडकीतून जाळानं रव्यांवर घातलेलं मेणकापड धरलं.

"आग लागली" असं कोणीतरी नुसतं सांगितल्यासारखं म्हणालं. मग सगळे एकदम पुढच्या दाराकडं आले. दार एकच. आकाराम दारात पाय रोवून एकेकाला दंडाला धरून खाली ढकलत होता. "एकेक. एकेक या. म्हातारीला सोडा आदी." रंगूबाईला त्यानं दुसरी की तिसरी खाली टाकली. माणसं उड्या मारायला लागली तशी मोटार हलली, चाक दगडावरून सुटलं आणि मोटार मागं घसरून चाकोरीशेजारच्या बांधावर आदळली. आत गुळाचे रवे कोसळल्याचा धपधप आवाज झाला. पेट्रोलचा डबा कलंडला असणार, कारण मागच्या निम्म्या मोटारीत एका दमात उजेड झाला.

बाहेर माणसं एकमेकांना चाचपत होती. रंगूबाईनं बघितलं, सगळे होते. लीला नव्हती.

आतून हाक आली नाही. खोकल्याचा आवाज येत होता.

आकारामानं डगल्याची बटणं सोडली. ते बघितलं आणि रंगूबाईनं त्याची दोन्ही मनगटं धरली. फुटलेल्या तळव्यांनी घट्ट धरली.

"नगा जाऊ."

"सोड."

"तुमी काय लागता तिचं? जाऊ द्या तिच्या मानसांस्नी."

"हितं कोन हाय तिचं?" तो म्हणाला. "सोड रंगू."

तिनं सोडलं नाही. त्यानं हिसका दिला, शाळू उपटताना देतात तसा, आणि मनगटं सोडवली. डगला तिच्या हातात राहिला. तो दाराच्या पायरीवर चढला, जाळाच्या धगीनं मागं आला, गुडघ्यांवर बसला आणि बाकांच्या खालून सरपटत आत गेला. त्याच्या वहाणांचे तळवे दिसत होते, मग तेही दिसेनासे झाले.

पुढचं रंगूबाईला खिडकीतून दिसलं, धूर हलेल तेव्हा तुकड्यातुकड्यानं. लीला बाकाच्या आणि बाजूच्या पत्र्याच्या मधे अडकली होती. कमरेपासून खाली तिच्यावर रवे पडले होते. गोणपाट जळून गूळ वितळायला लागला होता, काळा होऊन वाहत होता. आकाराम समोर आला तेव्हा तिनं गाठोडं छातीशी धरलं आणि ती मागं सरायला बघू लागली. पेटलेल्या मोटारीत ती त्याला भीत होती.

"हात लावू नगा मला."

"पोरी, वरड मागनं," आकाराम म्हणाला, आणि त्यानं पहिला रवा उचलला.

तापलेला गूळ हाताला लागला की झटकून पडत नाही. तो चिकटतो आणि भाजत राहतो. गुऱ्हाळावर काम केलेल्याला हे ठाऊक असतं, आणि आकारामाची तरणी वर्षं गुऱ्हाळावरच गेली होती. त्यानं एक रवा उचलला, बाजूला टाकला. दुसरा उचलला. तिसऱ्याला त्याच्या तोंडातून आवाज निघाला. असा आवाज रंगूबाईनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. चार की पाच रवे. मग त्यानं कोपरांनी लीलाला काखेत धरली, हातांनी नाही, हात त्यानं पुढं लांब धरले होते. बाकांच्या मधून तो मागं मागं सरकत आला. दाराशी चांदसाहेबानं आणि आणखी एकानं दोघांना ओढून घेतलं.

लीलाच्या एका पायाचं कातडं गेलं होतं. डावा गाल आणि मान भाजली होती. लुगड्याचा काठ अजून धुमसत होता, रंगूबाईनं तो हातांनी चुरडला. लीला बांधावर आडवी पडली आणि गाठोडं तिच्या हातातून सुटून उलगडलं. त्यात पुरुषी वहाणांचा जोड होता, भाकरी होत्या, आणि जळक्या कडांच्या छापील पत्रकांचा एक गठ्ठा. वर वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत काही छापलेलं. रंगूबाईला वाचता येत नव्हतं, पण अशी पत्रकं चावडीच्या भिंतीवरून पोलीस खरवडताना तिनं पाहिली होती.

माणसं आकारामाभोवती जमली होती. रंगूबाईनं पायानं ते गाठोडं मोटारीच्या जाळात लोटलं. मान वर केली तर आकाराम माणसांच्या मधून तिच्याकडंच बघत होता. त्यानं बघितलं होतं. त्याचे हात कोपरापासून खाली काळे होते आणि चकाकत होते.

बैलगाडीत घालून दोघांना फाट्यापर्यंत आणि तिथून दुसऱ्या मोटारीनं मिरजेच्या दवाखान्यात नेलं. गूळ काढताना कातडंही निघालं. नर्सबाई रंगूबाईला बाहेर जा म्हणाली, ती गेली नाही. तिनं त्याचं डोकं धरून ठेवलं.

सहाव्या दिवशी साहेब आला. बरोबर कारकून होता, पण या वेळी कोणी हसलं नाही. साहेब खाटेजवळ स्टुलावर बसला.

"हवालदार, तुमचं नाव मी वर पाठवतो आहे. शौर्याचा बिल्ला मिळेल. आपल्या खात्याला आत्ता अशाच माणसाची गरज आहे."

"व्हय सायेब."

"ती बाई सिद्धूची बायको. तिच्याजवळ गाठोडं होतं, ड्रायव्हर सांगतो. काय होतं त्यात?"

"जळालं सायेब."

"जळण्याआधी?"

"धूर हुता. दिसलं न्हाई."

साहेबानं रंगूबाईकडं बघितलं. ती आकारामाला पेजेचा चमचा भरवत होती. तिनं चमचा भरला, त्याच्या ओठांना लावला, सांडलेलं पदरानं पुसलं.

"नीट आठवा. तुमच्या कागदाला त्यानं वजन येईल."

"आठीवलं सायेब. धूरच हुता."

साहेब उठला. बिल्ल्याचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही, आणि बिल्ला पुढंही आला नाही. महिन्याभरानं कागद आला तो हवालदार नोकरीला नालायक ठरल्याचा.

रंगूबाई सातव्या दिवशी एकटी गावी परतली. शाळू उभा होता. कणसं खाली गळत होती. ती वावरात उतरली आणि जिथं सोडलं होतं तिथून उपटायला लागली. आकाराम जळत्या मोटारीत शिरला ही बातमी गावात तिच्या आधीच आली होती. विहिरीवर दोघीतिघींनी तिच्याकडं सरळ बघितलं. एकीनं, "हात वाचलं का वो?" असं विचारलंही. रंगूबाई म्हणाली, "बोटं न्हाईत वळत." त्या दिवशी तिला वाटलं, आता एखादी येईल.

दोन दिवसांनी सिद्धू पकडला गेला. सासरवाडीच्या मळ्यात, कवठ्याच्या बाजूला. पोलीस सरळ तिथंच गेले, दुसऱ्या घराची झडतीही त्यांनी घेतली नाही.

मोटारीच्या पंचनाम्यात बाई कुठल्या फाट्यावर चढली ते लिहिलेलं होतं. साहेबाला तेवढं पुरलं असेल. पण पंचनामा गावानं वाचला नव्हता. गावानं हवालदाराला ओळखलं होतं, सांगितलं असणार त्यानंच. विहिरीवरच्या बाया पुन्हा बाजूला झाल्या, आणि ह्या वेळी एक बाई तिच्या सावलीवरून पाय काढून घ्यावा तशी लांब झाली.

तीन आठवड्यांनी आकाराम आला. हात कोपरापर्यंत पांढऱ्या चिंध्यांत गुंडाळलेले, पुढं धरलेले, जसं काही कोणाला काही द्यायला आणलंय. दुसऱ्या दिवसापासून तो वावरात येऊन बांधावर बसायला लागला. गोफण फिरवता येत नव्हती, म्हणून तो पाखरांना नुसता हाळ्या घालायचा. पाखरं एक दिवस उडाली. मग त्यांना कळलं.

"तुमी घरला जावा," रंगूबाई म्हणायची.

"हितंच बरा हाय."

लघवीला जायचं झालं की त्याला तिला हाक मारावी लागे. ती उपटायचं सोडून यायची, त्याचं धोतर सोडायची, पुन्हा नेसवायची. तेव्हा तो रस्त्याकडं बघत असे, कोणी येतंय का म्हणून.

एका दुपारी लीला आली. दवाखान्यातून ती आधीच सुटली होती, पण घराबाहेर पडली नव्हती. पाय ओढत बांधावरून आली. पदर डाव्या गालावरून घट्ट ओढलेला. तिनं कोणाला काही विचारलं नाही. रंगूबाईच्या शेजारची पाथ धरली आणि एक ताट उपटलं. पायावर जोर देता येईना, ती पडली. उठून गुडघ्यावर बसली आणि बसल्या बसल्या उपटायला लागली.

बराच वेळ दोघी उपटत राहिल्या.

"कशापायी आलीस?" रंगूबाईनं विचारलं.

"काकांनी पोलिसास्नी न्हाई सांगितलं. मला ठावं हाय."

"मग गावाला सांग की."

"सांगितलं. मामंजी म्हनले, खाकीनं उचललं ती फुकट उचललं न्हाई. माज्याबद्दल बी बोलत्यात. परक्या मानसानं काखंत धरून आनली म्हनून." ती ताटाची माती झटकत होती. "आत मी हात लावू नगा म्हनलं हुतं. काकास्नी ऐकू गेलं आसंल का?"

"गेलं आसंल."

रंगूबाई थांबली. तिच्या पोटात महिनाभर एक गोष्ट होती, ती तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

"म्या तुला बस म्हनलं, म्हनून तू मागं गेलीस."

"न्हाई काकू. मी मागंच बसनार हुते. गाठोडं हुतं न्हवं."

"आनी म्या त्यास्नी धरलं हुतं. ह्या हातांनी. तू आत खोकत हुतीस, मला ऐकू येत हुतं, तरी धरलं. सोडनार न्हवते."

पुढची दोन ताटं लीलानं उपटून आडवी घातली.

"मी बी धरलं आसतं," ती म्हणाली.

रस्त्यानं अर्जुना बैल घेऊन चालला होता. तो थांबला. छडीच्या मारानंतर तो कंबरेत वाकूनच चालायचा. त्यानं वावराकडं बघितलं, सून बघितली, बांधावर बसलेला आकाराम बघितला.

"लीले," तो म्हणाला. "घरला चल."

लीलानं मान वर केली नाही. हात चालू ठेवले.

आकाराम बांधावरून उठला. त्याला काही म्हणायचं असावं. तो दोन पावलं पुढं गेला, हात तसेच समोर. अर्जुनाची नजर त्या चिंध्यांवर गेली आणि तिथं थोडी थांबली. वाटलं, तो काही बोलेल. मग त्यानं बैलांच्या पाठीवर कासरा टाकला आणि तो चालता झाला.

लीला तीन दिवस आली. चौथ्या दिवशी तिचा भाऊ गाडी घेऊन आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. सासऱ्यानं बोलावून घेतला होता. जाताना गाडी वावराच्या कडेनं गेली, पण गाडीला जाजम बांधलेलं होतं. आत कोण कसं बसलंय ते दिसलं नाही.

राहिलेला शाळू उपटायला रंगूबाईला आणखी नऊ दिवस लागले. चौथाई दाणा पाखरांनी नेला, काही जमिनीवर गळून गेला. कणसं खुडून झाल्यावर कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या राहिल्या. एकट्या बाईला ते काम जमत नाही. एकानं ताटं आवळून धरायची, दुसऱ्यानं बंध घालायचा. ती गुडघ्यानं दाबून बांधायला बघायची आणि पेंढी सुटायची. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा ती तशीच मातीत बसून राहिली.

आकाराम आला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. ताटांखाली त्यानं एक कोपर घातलं, वरून दुसरं घातलं आणि छातीशी आवळून धरलं. कडब्याच्या पात्यांनी त्याची हनुवटी कापली. चिंध्यांना कुसळं चिकटली.

"घाल बंध," तो म्हणाला.

"दुकंल तुमाला."

"दुकतंयच. घाल."

तिनं बंध ओवला, पीळ दिला, गाठ मारली. पेंढी राहिली. त्यानं ती तशीच कोपरांत धरून बांधाला नेऊन टाकली आणि दुसरीसाठी परत येऊन बसला.